तीन टोकांचा मोठा संकेत: सिलिकॉनमधील स्पिन मोजणीचे एक प्रकरण

प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबक; या चुंबकपणाच्या मुळाशी असलेला गुण म्हणजे स्पिन. लोहचुंबकीय धातूतून सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सोडले, की त्यांच्यात एका दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन थोडे जास्त असतात. हे जास्तीचे प्रमाण सिलिकॉनमध्ये काही काळ टिकते, पसरते आणि विरून जाते. ते व्होल्टमीटरवर कसे वाचायचे, हा या प्रकरणाचा विषय. २००९ ते २०१४ या काळात सिलिकॉन, जर्मेनियम आणि गॅलियम आर्सेनाइडवर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांना एकाच धाटणीचा संकेत मिळाला. वक्र सुबक होता, अनेकदा खोलीच्या तापमानालाही दिसत होता आणि सिद्धांताच्या मानाने शेकडो ते हजारो पट मोठा होता. कोणी काय म्हटले याचा हिशेब इथे मांडायचा नाही, म्हणून त्या गटांची नावे गाळली आहेत. खाली जिथे 'नमुना उपकरण' म्हटले आहे, तिथे त्या काळच्या उपकरणांच्या मापात बसणारे आकडे घेऊन केलेले गणित आहे.

पार्श्वभूमी

धातूत हे काम जुने आहे. १९८५ मध्ये जॉन्सन आणि सिल्सबी यांनी ॲल्युमिनियममध्ये एका चुंबकीय संपर्कातून स्पिन सोडले आणि दूरच्या दुसऱ्या चुंबकीय संपर्कावर त्यांचे व्होल्टेज वाचले. विद्युतप्रवाह एका बाजूला वळवलेला आणि व्होल्टमीटर दुसऱ्या बाजूला. दोघांच्या मधून जाते ते फक्त स्पिनचे विसरण, म्हणजे आपोआप पसरत जाणे. हीच चार टोकी नॉनलोकल मोजणी.

अर्धवाहकात हे सरळ जमेना. २००० मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवले: धातूचा रोध अर्धवाहकाच्या मानाने इतका कमी असतो, की स्पिनचा असमतोल अर्धवाहकात शिरण्याऐवजी धातूतच मागे परततो. त्याच वर्षी रश्बा यांनी तोड सुचवली. दोघांच्या मध्ये ऑक्साइडचा पातळ टनेल अडथळा, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्यातून पुंजभौतिकीच्या नियमाने आरपार निसटतात असा विद्युतरोधक थर, ठेवा, म्हणजे रोधाची विजोड अडथळा झाकून टाकेल. २००१ मध्ये फर्ट आणि जाफ्रेस यांनी या अडथळ्याला वरची मर्यादाही असते हे मांडले. अडथळा जाड असला तर इलेक्ट्रॉन अर्धवाहकात इतका रेंगाळतो, की दोन चुंबकीय संपर्कांमधला फरक वाचण्याआधीच स्पिन विरतो. ही वरची मर्यादा पुढे फार महाग पडली.

संकेत खरोखर स्पिनचा आहे का, हे ठरवणारी कसोटी हान्ले यांच्या नावाने ओळखली जाते. विल्हेल्म हान्ले यांनी १९२४ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या प्रकाशात हा परिणाम पाहिला. स्पिनला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले की तो भोवऱ्यासारखा डुलत फिरतो. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत याला परांचन म्हणतात. अनेक इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या वेळी आत आलेले असल्यामुळे त्यांचे कोन विखुरतात आणि सरासरी शून्याकडे जाते. व्होल्टेज क्षेत्राविरुद्ध मांडले तर घंटेसारखा लोरेंट्झ वक्र मिळतो. वक्राच्या अर्ध्या रुंदीवरून स्पिनचे आयुर्मान निघते: १ नॅनोसेकंद आयुर्मानाला अर्धी रुंदी सुमारे ५.७ मिलिटेस्ला, आणि आयुर्मान दहापट झाले की रुंदी दहावा हिस्सा.

अडचण कुठे सुरू झाली

नॉनलोकल उपकरण करायला कष्ट पडतात. सिलिकॉनची पट्टी कोरायची, तिच्यावर एकमेकांपासून १ मायक्रोमीटरच्या आसपास दोन चुंबकीय पट्ट्या बसवायच्या, त्यांची रुंदी वेगळी ठेवायची म्हणजे त्या वेगवेगळ्या क्षेत्राला उलटतील, आणि बाहेरचे दोन संपर्क स्पिनच्या पल्ल्यापासून दूर न्यायचे. इलेक्ट्रॉन किरणांची लिथोग्राफी, म्हणजे सूक्ष्म नक्षी उमटवण्याची पद्धत हवी, दोन पट्ट्यांमधला सिलिकॉनचा वरचा जास्त डोपिंगचा (मुद्दाम परकी मूलद्रव्ये मिसळलेला) थर खरवडायला हवा, आणि तो खरवडताना कडेला उडालेल्या धातूने अडथळा शॉर्ट होऊ नये याची काळजी हवी.

तीन टोकी मोजणीत यातले काहीच लागत नाही. एकच मोठा चुंबकीय संपर्क, समजा १०० बाय २०० मायक्रोमीटर, आणि दूरवर दोन साधे संपर्क. प्रवाह चुंबकीय संपर्कातून एका साध्या संपर्काकडे. व्होल्टेज त्याच चुंबकीय संपर्क आणि दुसऱ्या साध्या संपर्कामध्ये. स्पिन सोडणारा आणि वाचणारा संपर्क एकच. साध्या प्रकाशीय लिथोग्राफीत आठवड्याभरात वेफर, म्हणजे उपकरणे कोरलेली चकती, हातात. दुधाची तहान ताकावर भागवायची सोय चांगली होती, आणि ताक दुधासारखेच दिसत होते.

२००९ मध्ये याच रचनेने खोलीच्या तापमानाला सिलिकॉनमधला हान्ले वक्र दाखवला, दोन्ही प्रकारच्या सिलिकॉनमध्ये: इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या आणि होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहणाऱ्या. अर्धी रुंदी ४० मिलिटेस्लाच्या घरातली, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी साधारण ०.१४ नॅनोसेकंद. संकेताचा आकार प्रवाहघनतेने भागून मांडला, तर किलोओम-चौरस-मायक्रोमीटरच्या पातळीचा.

आता तोच आकडा आधी काढून पाहू. नमुना उपकरणाचे सिलिकॉन १०० नॅनोमीटर जाडीचे, फॉस्फरसने घन सेंटिमीटरला ३ गुणिले १० चा १९ वा घात इतके डोप केलेले. विशिष्ट रोध २ मिलिओम-सेंटिमीटर. विसरण लांबी, म्हणजे विरण्याआधी स्पिन साधारण जेवढा पसरतो ते अंतर, ०.६ मायक्रोमीटर घ्या. टनेलमधून येणाऱ्या प्रवाहाचे स्पिन ध्रुवण, म्हणजे एका दिशेच्या स्पिनचे जास्तीचे प्रमाण, सढळ हाताने ३० टक्के धरा. संपर्क विसरण लांबीपेक्षा खूप रुंद आणि सिलिकॉन पातळ असल्यामुळे तीन टोकी संकेत म्हणजे ध्रुवणाचा वर्ग, गुणिले विशिष्ट रोध, गुणिले विसरण लांबीचा वर्ग, भागिले सिलिकॉनची जाडी. उत्तर येते सुमारे ६.५ ओम-चौरस-मायक्रोमीटर. जाड वेफर असेल तर जाडीचा भागाकार जातो आणि विसरण लांबी एकदाच गुणली जाते: उत्तर १.१. सिलिकॉन पातळ आहे की जाड, हे न पाहता चुकीचे सूत्र लावले तर इथेच सहापट फरक पडतो.

मिळालेला आकडा मात्र ३००० च्या आसपास. म्हणजे सर्वांत उदार अंदाजाच्या साडेचारशे पट. ध्रुवण ३० नव्हे, ५ टक्के असेल तर ही तफावत आणखी ३६ पट वाढते.

व्होल्टमध्ये पाहिले की गंमत जास्त कळते. समजा अडथळ्याचा क्षेत्र-रोध, म्हणजे रोध गुणिले क्षेत्रफळ, १० लाख ओम-चौरस-मायक्रोमीटर आहे. मोठ्या संपर्काचा रोध ५० ओम. संपर्कावर २०० मिलिव्होल्ट ठेवले तर ४ मिलिअँपिअर वाहतात. स्पिनचा अपेक्षित संकेत १.३ मायक्रोव्होल्ट. वाचलेला संकेत ०.६ मिलिव्होल्ट. २०० मिलिव्होल्टवर स्वार झालेले १.३ मायक्रोव्होल्ट म्हणजे दहा लाखांत साडेसहा भाग. अडथळ्याचा रोध अंशाला ०.१ टक्का बदलत असेल, तर तापमान साडेसहा मिलिकेल्विन सरकले की तेवढाच फरक पडतो. म्हणजे अशा जाड अडथळ्याच्या उपकरणात खरा संकेत असता तरी तो बहुधा व्होल्टेजच्या भटकंतीत बुडाला असता. जो सहज दिसला तो सहज दिसला याच कारणाने संशयास्पद होता.

पुढे आलेले पर्याय

तफावत कोणी लपवली नव्हती. ती निबंधांत लिहिलेली होती. प्रश्न तिचा अर्थ काय लावायचा हा होता, आणि समोर तीन वाटा होत्या.

पहिली वाट: स्पिन संचय खराच आहे, पण तो सिलिकॉनच्या आत नसून ऑक्साइड आणि अर्धवाहक यांच्या सीमेवरच्या अडकलेल्या अवस्थांत आहे. इलेक्ट्रॉन दोन उड्यांत जातो: धातूतून त्या अवस्थेत, तिथून आत. अवस्था थोड्या, म्हणून थोड्या स्पिननेही मोठे व्होल्टेज. गॅलियम आर्सेनाइडवरच्या २००९ च्या कामात हे स्पष्टीकरण आले आणि आकार जुळवायला ते सोयीचे होते. पण त्याला एक अट आहे. त्या अवस्था आणि अर्धवाहकाचा अंतर्भाग यांच्यामध्येही मोठा रोध हवा, नाहीतर स्पिन लगेच आत गळून जातो. हा रोध म्हणजे शॉट्की अडथळा, धातूलगत अर्धवाहकात आपोआप उभा राहणारा ऊर्जेचा बांध. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सीझियम लावून तो अडथळा घटवला, तरी संकेत राहिला. इथे हे स्पष्टीकरण लंगडे पडले.

दुसरी वाट: संचय सिलिकॉनमध्येच आहे, पण प्रवाह सगळ्या संपर्कातून सारखा न जाता काही पातळ ठिपक्यांतून जातो, म्हणून खरी प्रवाहघनता जास्त आहे. हे काही प्रमाणात नक्कीच घडते. पण साडेचारशे पट भरून काढायला संपर्काचा पाव टक्क्याहून कमी भाग वापरात असायला हवा, आणि मग टनेल प्रवाहाचे व्होल्टेज व तापमानाशी नातेही वेगळे दिसायला हवे.

तिसरी वाट: वक्र सिलिकॉनमधल्या स्पिनचा नाहीच. अडथळ्याचा रोधच चुंबकीय क्षेत्राने बदलतो आहे, आणि तो बदल लोरेंट्झसारखा दिसतो. ही वाट सर्वांत कमी रुचणारी होती, कारण ती धरली तर आयुर्मान, विसरण लांबी, ध्रुवण, सगळेच आकडे कागदावरून पुसावे लागतात.

पहिला मोठा निर्णय इथे झाला. बहुतेकांनी पहिली किंवा दुसरी वाट धरली, कारण दोन्हींत वक्रातून काढलेले आयुर्मान शाबूत राहते. वक्र लोरेंट्झमध्ये बसतो ही गोष्ट पुरावा मानली गेली. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण शीत भाताचेच असले तर. मधला एक शिखर आणि दोन्हीकडे सपाट होणारी शेपटी, एवढ्या आकाराला लोरेंट्झ नेहमीच बरा बसतो; दोन मोकळे आकडे हाती असले की बसतोच.

काय केले गेले

सिलिकॉनवरच्या २००९ च्या कामातच एक चांगला ताळा होता. चुंबकीय धातू आणि ऑक्साइड यांच्यामध्ये अतिपातळ अचुंबकीय धातूचा थर घातला की संकेत जातो. यावरून काय सिद्ध होते हे नीट वाचायला हवे. टनेल प्रवाहाला स्पिनचे ध्रुवण असणे संकेतासाठी आवश्यक आहे, इतकेच. ते ध्रुवण सिलिकॉनमध्ये साठते की अडथळ्यातल्या दोषांवर अडते, हे हा ताळा सांगू शकत नाही. दोन्ही बाबतींत तो संकेत जाणारच. चांगला प्रयोग चुकीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला गेला, असे याबद्दल म्हणता येईल.

२०११ मध्ये उलटा हान्ले परिणाम समोर आला. क्षेत्र चुंबकत्वाला आडवे न लावता समांतर लावले तर परांचन होऊ नये आणि व्होल्टेज सपाट राहावे. प्रत्यक्षात क्षेत्र वाढेल तसा संकेत वाढला. स्पष्टीकरण असे दिले गेले: चुंबकीय थर खडबडीत असतो, त्यातून गळणारी विस्कळीत क्षेत्रे जवळच्या स्पिनना आधीच फिरवत असतात, आणि बाहेरचे समांतर क्षेत्र त्यांना दाबून टाकते. हे स्पष्टीकरण तर्काला धरून आहे आणि वक्र अपेक्षेपेक्षा रुंद का, याचेही उत्तर देते: ०.१४ नॅनोसेकंद ही फक्त खालची मर्यादा. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्समधून, म्हणजे सूक्ष्मलहरींनी स्पिन तपासण्याच्या वेगळ्या पद्धतीतून, अशा डोपिंगच्या सिलिकॉनसाठी खोलीच्या तापमानाला नॅनोसेकंदाच्या श्रेणीतले आयुर्मान कळलेलेच होते, त्यामुळे रुंदीला काहीतरी सबब हवीच होती.

पण सबबींची रांग लागते आहे, हे त्याच वेळी दिसायला हवे होते. आकार मोठा, कारण सीमेवरच्या अवस्था. रुंदी जास्त, कारण खडबडीतपणा. तापमान खोलीवरून १० केल्विनपर्यंत उतरवले तरी रुंदी जवळपास तीच, त्यालाही खडबडीतपणा. होल्सचा स्पिन संयुजा पट्ट्यातल्या (होल्स जिथे वावरतात त्या ऊर्जापट्ट्यातल्या) स्पिन-कक्षीय बंधामुळे, म्हणजे स्पिन आणि गती एकमेकांना बांधलेले असल्यामुळे, इलेक्ट्रॉनपेक्षा खूपच लवकर विरायला हवा, तरी दोन्हींचे वक्र सारख्याच रुंदीचे. एकेका मुद्द्याला वेगळे उत्तर मिळाले, पण सगळे मुद्दे मिळून एकच सांगत होते: वक्राला आतल्या अर्धवाहकाची ओळखच नाही.

निकाल लावणारी मोजणी खरे तर साधी होती: अडथळ्याच्या जाडीची मालिका. एकाच वेफरवर ऑक्साइड पायरीपायरीने जाड करत जायचे, प्रत्येक पायरीवर क्षेत्र-रोध आणि स्पिन संकेत दोन्ही काढायचे, आणि दोन्ही अक्ष लघुगणकी ठेवून मांडायचे. स्पिन संचय सिलिकॉनमध्ये असेल, तर प्रवाहघनतेने भागलेला संकेत अडथळ्याच्या जाडीवर अवलंबून नसावा: रेषा आडवी. सिलिकॉन आणि जर्मेनियमवरची अशी मालिका २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रेषा आडवी नव्हती. क्षेत्र-रोधाबरोबर संकेतही वर चढत गेला, दहा-दहा पटींच्या कित्येक पायऱ्यांच्या पल्ल्यात. संकेत म्हणजे रोधाचाच ठराविक हिस्सा असल्यासारखा.

त्याच वर्षी तिसऱ्या वाटेला यंत्रणा मिळाली. ऑक्साइडमध्ये दोष असतात, आणि काही दोषांवर एक इलेक्ट्रॉन आधीच बसलेला असतो. पाउलीच्या नियमामुळे दुसरा इलेक्ट्रॉन उलट स्पिनचा असेल तरच तिथे शिरतो. चुंबकीय धातूतून येणारे बहुतेक इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे, त्यामुळे दोषावरचा इलेक्ट्रॉन त्याच दिशेला तोंड करून बसला की वाट तुंबते. आडवे क्षेत्र लावले की तो डुलतो, वाट मोकळी होते, रोध उतरतो: हान्लेसारखा वक्र. समांतर क्षेत्र लावले की आसपासच्या विस्कळीत क्षेत्रांनी होणारे डुलणे थांबते, तुंबणे वाढते, रोध चढतो: उलटा हान्ले. दोन्ही वक्र एकाच यंत्रणेतून, खडबडीतपणाची गरज न पडता. रुंदी ठरते ती दोषाभोवतीची अंतर्गत क्षेत्रे आणि उडीचा वेग यांवरून. सिलिकॉनच्या स्पिन आयुर्मानाचा संबंध नाही.

याहून बोलका ताळा म्हणजे चुंबक काढून टाकणे. दोन दोषांची साखळी असेल तर दोन्ही बाजूंना अचुंबकीय धातू असूनही हेच तुंबणे घडते, कारण पहिल्या दोषावरचा इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जाण्यासाठी दोघांचे स्पिन उलट असावे लागतात. ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांच्या टनेल जोडांत, जिथे अर्धवाहकच नाही, दोष मुद्दाम वाढवले की क्षेत्राने रोध बदलताना दिसला. जिथे सिलिकॉन नाही तिथे सिलिकॉनमधला स्पिन शोधण्यात अर्थ उरत नाही.

नॉनलोकलची वाट आणि तिची किंमत

समांतर वाटेने चार टोकी मोजणीही पुढे गेली होती. २००७ मध्ये लोह आणि गॅलियम आर्सेनाइडच्या उपकरणात नॉनलोकल संकेत आणि हान्ले वक्र दोन्ही दाखवले गेले. २०११ मध्ये जास्त डोपिंगच्या सिलिकॉनमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा अडथळा वापरून खोलीच्या तापमानाला नॉनलोकल स्पिन वाहतूक दिसली, आयुर्मान १.३ नॅनोसेकंद, विसरण लांबी ०.६ मायक्रोमीटर. वरच्या नमुना गणितातली लांबी हीच.

तीन टोकीसाठी केलेला वेफर नॉनलोकलला चालत का नाही, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. चुंबकीय पट्टी ०.५ बाय २० मायक्रोमीटर, क्षेत्रफळ १० चौरस मायक्रोमीटर. तोच १० लाखांचा क्षेत्र-रोध ठेवला तर संपर्क १ लाख ओमचा होतो, आणि १ मिलिअँपिअर ढकलायला १०० व्होल्ट लागतील. अडथळा त्याआधीच फुटेल. क्षेत्र-रोध ५००० वर आणला तर संपर्क ५०० ओमचा आणि अर्धा व्होल्ट पुरतो. खाली जायला मर्यादा आहे: नमुना उपकरणात विशिष्ट रोध गुणिले विसरण लांबीचा वर्ग भागिले जाडी, म्हणजे सुमारे ७२ ओम-चौरस-मायक्रोमीटर. त्याखाली रोधाची विजोड परत येते. म्हणून काही शे ते १० हजार, एवढाच वापरण्याजोगा पट्टा. जाडीत बोलायचे तर ऑक्साइडचे एक-दोन आण्विक थर इकडेतिकडे झाले की पट्टा सुटतो.

याच कारणाने ऑक्साइडची प्रत महत्त्वाची. सिलिकॉन सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून नैसर्गिक ऑक्साइड काढला, की मिनिटांत निर्वातात न्यायचा. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल ओढतो आणि हायड्रॉक्साइड होऊ लागतो, म्हणून वरचा धातू त्याच निर्वातात, पंप न सोडता बसवायचा. ऑक्सिजन कमी पडलेला ऑक्साइड म्हणजे वर सांगितलेल्या दोषांचे आगरच.

संकेत किती अपेक्षायचा? सिलिकॉनच्या पट्टीची रुंदी २० मायक्रोमीटर, जाडी ०.१, म्हणजे काटछेद २ चौरस मायक्रोमीटर. दोन चुंबकीय पट्ट्यांमधले अंतर १ मायक्रोमीटर. ध्रुवण ३० टक्के धरले तर चुंबक समांतर आणि विरुद्ध यांतला फरक ०.१ ओम, १ मिलिअँपिअरला १०० मायक्रोव्होल्ट. ध्रुवण ५ टक्के असेल तर ३ मायक्रोव्होल्टही नाही. अंतर ५ मायक्रोमीटर केले तर संकेत मूळच्या सुमारे आठशेव्या भागावर येतो, म्हणजे शोधूच नये. पण जे मिळते ते जवळजवळ कोऱ्या पाटीवर मिळते. वाचणाऱ्या संपर्कातून प्रवाह जात नसल्यामुळे अडथळ्याचा रोध क्षेत्राने बदलला तरी व्होल्टेजवर त्याचा ठसा उमटत नाही. या रचनेची खरी ताकद हीच.

ती निर्दोष मात्र नाही. प्रवाहाच्या संपर्काखाली तापलेली जागा वाचणाऱ्या संपर्कापर्यंत उष्णता पोचवते आणि पायारेषा वर-खाली सरकते. संपर्क सरळ रेषेत न वागणारे असल्याने लॉक-इनची (ठरलेल्या वारंवारतेचा संकेत वेचणाऱ्या यंत्राची) मोठी प्रत्यावर्ती चाल वेगवेगळ्या बायसचे, म्हणजे संपर्कावर ठेवलेल्या वेगवेगळ्या व्होल्टेजचे, संकेत मिसळून टाकते. म्हणून एकदिश बायस ठेवून त्यावर लहान चाल, किंवा सरळ एकदिश मोजणी आणि प्रवाह उलटवून सरासरी. चुंबकीय पट्टीच्या टोकांतून गळणारे क्षेत्र सिलिकॉनमध्ये स्थानिक हॉल व्होल्टेज (चुंबकीय क्षेत्राने प्रवाह वळल्याने आडवे उभे राहणारे व्होल्टेज) उभे करते, आणि ते पट्टी उलटली की उलटते, अगदी स्पिन संकेतासारखे. म्हणून नुसत्या दोन पायऱ्या दिसल्या, एवढ्यावर स्पिन मानू नये.

खरी खूण हान्लेतच आहे, पण नॉनलोकल हान्लेत. दोन चुंबक समांतर असताना एक वक्र, विरुद्ध असताना त्याचे आरशातले प्रतिबिंब, आणि दोघे क्षेत्र वाढल्यावर एकमेकांना छेदून शेवटी मिळतात. वक्राला बाजूचे उंचवटे येतात, कारण विसरणाला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात स्पिन अर्धा फेरा मारू शकतो. नमुना उपकरणात १ मायक्रोमीटर जायला साधारण १ नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात अर्धा फेरा व्हायला १८ मिलिटेस्लाच्या आसपास क्षेत्र. दोषांमुळे येणारा लोरेंट्झ हे छेदणे आणि हे उंचवटे दाखवू शकत नाही.

काय निघाले

मोठ्या तीन टोकी संकेतातून काढलेल्या आयुर्मानांचा आणि विसरण लांबींचा आधार गेला. याचा अर्थ तीन टोकी रचनाच खोटी असा नाही. २०१७ मध्ये जपानमधल्या एका संस्थेत स्फटिकी लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या संपर्कांनी सिलिकॉनमध्ये मोठा स्पिन संचय नॉनलोकल मोजणीतून दाखवला गेला. म्हणजे अडथळा स्वच्छ आणि पातळ असेल तर मोठा संकेतही खरा असू शकतो. आकार मोठा हाच दोष नव्हता. आकाराला आतल्या पदार्थाशी नाते नव्हते, हा होता.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. वक्राला सूत्र बसवण्याआधी अपेक्षित आकड्याचे गणित कागदावर काढून, तारीख घालून ठेवायचे. वरचे गणित पाच मिनिटांचे आहे आणि त्यातले सगळे आकडे, विशिष्ट रोध, जाडी, रेझोनन्सचे आयुर्मान, २००९ मध्येही माहीत होते. दहापटीपर्यंतची तफावत समजून घेता येते. शेकडो पटीच्या तफावतीला स्पष्टीकरण शोधण्याआधी मोजणीवर संशय घ्यायला हवा.

दुसरे, जाडीची मालिका पहिल्याच वेफरवर. ऑक्साइडच्या बाष्पीभवनात झडप पायरीने सरकवली की एकाच वेफरवर चार-पाच जाड्या मिळतात. वेगळा खर्च जवळजवळ नाही. ती २०१४ पर्यंत थांबण्याचे तांत्रिक कारण दिसत नाही.

तिसरे, अचुंबकीय ताळ्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायचे. मध्ये पातळ थर घालणारा ताळा ध्रुवणाबद्दल बोलतो. चुंबकाच्या जागी सरळ ॲल्युमिनियम ठेवणारा आणि अर्धवाहकाच्या जागी धातू ठेवणारा ताळा अडथळ्याबद्दल बोलतो. निबंधात पहिला असला आणि दुसरा नसला, तर परीक्षकाने तेवढेच विचारावे.

नॉनलोकल उपकरण पहिल्या दिवसापासून हवे होते का, यावर मतभेद होऊ शकतो. लिथोग्राफीची सोय नसलेल्या प्रयोगशाळेला तीन टोकीपासून सुरुवात करण्यावाचून इलाज नसतो. पण मग अडथळ्याचा क्षेत्र-रोध सुरुवातीपासून १० हजारांच्या खाली ठेवावा. तीन टोकी संकेत लहान आणि त्रासदायक होईल, तापमान मिलिकेल्विनमध्ये बांधावे लागेल, आणि कदाचित काहीच दिसणार नाही. तोच वेफर पुढे नॉनलोकलसाठी मात्र वापरता येईल, आणि दोन्ही मोजण्या एकाच अडथळ्यावर शेजारी ठेवून तपासता येतील.